ब्रेकबाईंची आरपार जागा

माझ्या नणंदेने मला गाडीखाली घातलं असतं, असं मी आजही कोणाला सांगितलं तर लोक हसतात. नणंद-भावजयीचं काहीतरी जुनं उकरून काढतेय, म्हणतात. तसं काही नाही हो. आमचं दोघींचं उलट इतकं गूळपीठ, की यांनाच कधीकधी परकं वाटतं. आणि त्या माझ्या अंगावर गाडी घालत होत्या, हेही तितकंच खरं. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला अजून नीट पचलेलं नाही.

वन्सं म्हणजे आमच्या यांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. करायला वेळच झाला नाही, असं त्या सांगतात. सगळं आयुष्य ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेलं. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाशी असलेल्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि चेहरा शांत ठेवायचा, हा त्यांचा धंदा. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलंय. 'ब्रेकबाई' हे नाव कोणी ठेवलं ठाऊक नाही, पण दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे तेच म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. मलाही त्यांनीच शिकवलं. "नुसत्या आरशावर विसंबायचं नाही, मान फिरवून बघायचं," हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की मी भाजीला निघाले तरी दारात मान फिरवते. फक्त एका माणसापुढे त्यांनी हात टेकले, तो म्हणजे सख्खा भाऊ. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. जन्मभर वर-खाली जाणाऱ्या माणसाला पुढे-मागे जमायचं नाही, असं वन्सं म्हणतात, आणि हे ते खुशाल मान्य करतात.

तर या वन्संनी बऱ्याच वर्षांपूर्वी एक जुनी कॅम्परव्हॅन घेतली. चाकांवरचं घरच ते. मागे पलंग, मध्ये ओटा आणि शेगडी, आणि एकदा आत शिरलं की वळता येत नाही असं न्हाणीघर. एरवी ती ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत वन्सं, आम्ही दोघं, आमची लेक आणि धाकटा असे सगळे तिच्यात भरून तळ्याकाठच्या कॅम्पला जातो.

सुट्टी उन्हाळ्यात, पण वन्संची गडबड सुरू व्हायची भर थंडीत. कॅम्पमधल्या जागांचं बुकिंग थंडीतल्या एका ठरलेल्या सकाळी उघडतं आणि चांगल्या जागा चहा गार व्हायच्या आत संपतात. त्या सकाळी वन्सं आंघोळ करून, केस विंचरून, फोन समोर ठेवून बसायच्या. आम्ही हसायचो. "परीक्षेला बसल्यात," असं हे म्हणायचे. त्यांना जागाही साधीसुधी चालायची नाही. आरपारच हवी. म्हणजे एका बाजूने गाडी आत घालायची, मुक्काम करायचा आणि दुसऱ्या बाजूने तशीच पुढे काढायची. अशा जागा थोड्या, त्याही मागच्या बाजूला, रस्त्याला लागून. तळ्याच्या काठची जी खरी देखणी रांग आहे, तिथे गाडी उलटी, रिव्हर्समध्ये घालावी लागते. तिकडे वन्सं बघायच्याही नाहीत. "पाण्याजवळ डास असतात," एवढं एक वाक्य, की संपला विषय.

पुढची तयारीही तशीच अफाट. सुट्टीआधी त्या एकट्या बसने जाऊन रस्ता बघून यायच्या. कुठे खोदलंय, कुठलं वळण आंधळं आहे, कुठल्या पेट्रोलपंपात आत शिरणं सोपं. निघायचं सकाळी उजाडल्यावर आणि पोचायचं ऊन असेपर्यंत. आणि गाडीत मुलांसाठी एक खेळ. एकाने डाव्या खिडकीशी बसायचं, एकाने उजव्या, आणि बाजूने जे येईल ते आधी ओरडून सांगायचं. ट्रक, स्कूटर, म्हैस, काहीही. जो जास्त सांगेल त्याला रात्री वरचा पलंग. मुलं घसा बसेपर्यंत ओरडायची आणि मी पुढे बसून मनात म्हणायची, हिला स्वतःची पोरं नाहीत, पण पोरांना कसं गुंतवावं ते हिच्याकडून शिकावं.

गेल्या थंडीत बुकिंगच्या आदल्या दिवशी वन्संना सणसणून ताप भरला. मी दुकानातून औषध घेऊन गेले. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, त्यामुळे घरात कोणी शिंकलं तरी मलाच हाक. वन्संचा आवाज बसलेला, डोळे लाल. फोन माझ्या हातात देऊन त्या कशाबशा म्हणाल्या, "आरपार घे. कुठलीही घे, पण आरपार." मी म्हटलं, "झोपा तुम्ही. सगळं माझ्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच बैठकीच्या खोलीत मी फोन घेऊन बसले. नकाशा उघडला. आणि काय सांगू, तळ्याच्या रांगेतली अगदी टोकाची जागा, जिच्या दोन बाजूंना पाणी आहे, ती रिकामी दिसली. दरवर्षी मुलं त्या जागेपाशी जाऊन उभी राहतात आणि तिथे उतरलेल्या लोकांकडे अशी बघतात की मलाच लाज वाटते. आरपार जागाही तेव्हा शिल्लक होत्या, नाही असं नाही. पण मी म्हटलं, डास गेले खड्ड्यात. रिव्हर्सचं म्हणाल तर जिने अख्ख्या गावाला रिव्हर्स शिकवला तिला काय अवघड? मी जागा घेतली. उड्या मारत आतल्या खोलीत गेले आणि फोन त्यांच्या तोंडासमोर धरला.

वन्संनी वाचलं. ताप असूनही त्या पलंगावर ताडकन उठून बसल्या. चेहरा पांढराफटक.

"हे काय केलंस?"

"अहो, काठावरची! टोकाची!"

"मी आरपार म्हटलं होतं. बदल. आत्ता बदल."

बदलणार कुठून? तोवर सगळं भरून गेलं होतं. मी तेवढंही सांगितलं, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. थकलेल्या माणसाला राग येतो, हे मी समजू शकते. पण मला रडूच यायला लागलं. एवढा जीव टाकून मिळवलेली जागा, आणि बाईच्या तोंडून एक बरा शब्द नाही. घरी येऊन मी यांच्यावर तोफ डागली. हे म्हणाले, "ताईला ठरल्यापेक्षा वेगळं आवडत नाही, माहितेय ना तुला." मुलांना मात्र मी सांगून टाकलं होतं. धाकट्याने तर मासे पकडायची काठी मागायला सुरुवात केली. एकदा मुलांना कळल्यावर वन्संना नाही म्हणायची सोय उरली नाही, आणि खरं सांगायचं तर मी ते मुद्दामच केलं होतं.

पण त्यांनी नाद सोडला नाही. कॅम्पच्या ऑफिसला फोनवर फोन. तिथली मुलगी म्हणाली, जागा बदलून मिळत नाही, कोणी सोडली तर कळवू. कोणी सोडली नाही. वन्सं चिडचिड्या झाल्या. मीही दोन-चार टोमणे मारले. "तुमच्यासाठी गाडीलाच दोन्हीकडून तोंड लावून घेऊ या," असं म्हणाले एकदा. त्यांनी हसून घालवायला हवं होतं. त्या बाहेर निघून गेल्या. तेव्हाही मला काही कळलं नाही. नवल याचंच वाटतं, की इतकं सगळं समोर असताना मला काही म्हणजे काही कळलं नाही.

मग उन्हाळा तोंडावर आला आणि एका रविवारी त्यांचा फोन आला. आवाज एकदम सरळ. "शेडवर ये. रिव्हर्सचा सराव करायचाय. मागे कोणीतरी उभं राहायला हवं."

मला बरं वाटलं. म्हटलं, आल्या ताळ्यावर. गेले. ड्रायव्हिंग स्कूलच्या मागे फरशीचं मोठं आवार आहे, शिकाऊ लोकांसाठी. दोन बाजूंना उंच भिंती. वन्संनी प्लास्टिकचे लाल शंकू मांडून काठावरच्या जागेइतकी चौकट आखली होती. मला म्हणाल्या, "तू भिंतीपाशी, डाव्या कोपऱ्यात थांब. हात वर धर. तुझा हात मला आरशात दिसत राहील, म्हणजे अंदाज येईल." मी तशी जाऊन उभी राहिले.

गाडी सुरू झाली. मागे यायला लागली, हळूहळू. मी हात वर धरून उभी. पहिला शंकू चाकाखाली गेला. मी म्हटलं, अरेच्चा, ब्रेकबाई! मनातल्या मनात हसलेही. दुसरा शंकू गेला. गाडीचा मागचा भाग वळत माझ्याकडे यायला लागला. मी हात हलवला. गाडी येतच राहिली. मी ओरडले, "वन्सं! डावीकडे बघा!" इंजिनाचा आवाज, काचा बंद. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. स्पष्ट दिसत होता. त्या माझ्याकडेच बघतायत असं वाटत होतं, आणि गाडी येत होती. मागे भिंत. मला बाजूला सरकायला जागा उरली नव्हती. मी दोन्ही हातांनी गाडीच्या पत्र्यावर धाडधाड मारायला सुरुवात केली. घशातून कुठला आवाज निघाला, ते माझं मला माहीत नाही.

गाडी थांबली तेव्हा माझी पाठ भिंतीला टेकली होती आणि पोट पत्र्याला. तिरकं होत, ओढणी फाडत मी बाहेर निघाले. वन्सं खाली उतरल्या.

"तू तिथे काय करतेस?" त्या ओरडल्या. माझ्यावर! "मी तुला कोपऱ्यात उभं राहायला सांगितलं होतं."

"मी कोपऱ्यातच होते! तुमच्या आरशात होते! हात वर करून होते!"

"नव्हतीस."

इतक्या खात्रीने म्हणाल्या, की क्षणभर मलाच वाटलं, नव्हते की काय. आम्ही समोरासमोर उभ्या. मी चिडून, काय करतेय ते न कळून, दोन्ही हात दोन बाजूंना फैलावले आणि म्हटलं, "असे! असे हात धरले होते मी!"

त्या सरळ माझ्या नाकाकडे बघत होत्या. "कसे?" म्हणाल्या. "दाखव ना. हात कर."

माझे हात फैलावलेलेच होते.

मला काय झालं ते सांगता येणार नाही. मी डाव्या हाताची बोटं हलवली. काही नाही. उजव्या हाताची हलवली. काही नाही. हात हळूहळू जवळ आणत गेले. माझ्या खांद्यांच्या आत हात आले तेव्हा त्यांचे डोळे एकदम हलले आणि माझ्या बोटांवर आले. मग त्यांनाही समजलं की मी काय करतेय. त्यांनी माझे दोन्ही हात धरून खाली केले आणि म्हणाल्या, "पुरे."

आम्ही गाडीत जाऊन पलंगावर बसलो. त्यांनी मला पाणी दिलं. भांडं हातात देताना त्यांनी मान पूर्ण फिरवून माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा मला लख्ख दिसलं, की ती आता नुसती सवय नव्हती. सगळं गाव ज्या मान फिरवण्याचं कौतुक करतं, ती मान आता फिरवली नाही तर या बाईला बाजूचं दिसतच नव्हतं.

काचबिंदू. तीन वर्षं झाली होती. समोरचं छान दिसतं, वर्तमानपत्रातलं बारीक अक्षरही वाचता येतं, पण कडांनी नजर कमी कमी होत आलेली. दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे बरीच गेल्यावरच कळलं. डॉक्टरांनी थेंब दिले आणि गाडी बंद करा म्हणून सांगितलं. वन्संनी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी लगेच सोडली. गुडघे दुखतात असं सांगितलं आणि वर्गात फळ्यावर रस्त्यावरच्या खुणा-पाट्या शिकवायला लागल्या. तेवढं त्यांनी प्रामाणिकपणे केलं.

"आणि थेंब?" मी विचारलं. "थेंब कुठून आणता? माझ्या दुकानात तर कधी आला नाहीत."

"बाजारापलीकडच्या दुकानातून."

माझ्या दारावरून जाऊन! माझ्या काउंटरवरून गावातल्या प्रत्येक डोळ्याची, प्रत्येक आतड्याची औषधं जातात आणि माझ्या घरच्या माणसाचे थेंब भलतीकडून येत होते. त्याही परिस्थितीत मला याचा राग आला, काय म्हणावं.

"आणि ही गाडी? ही का नाही सोडली?"

वन्सं म्हणाल्या, "आरपार जागा घेतली की रिव्हर्स लागत नाही. रस्ता आधी बघून आले की काय येणार ते माहीत असतं. उजेडात गेलं की निभतं. आणि बाजूचं मुलं सांगतात."

हे त्यांनी असं सांगितलं, जसं कोणी सांगावं की भाजीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं. माझ्या डोक्यात ते शिरायला वेळ लागला. बाजूचं मुलं सांगतात. डावी खिडकी, उजवी खिडकी. ट्रक, स्कूटर, म्हैस. वरचा पलंग.

"माझी पोरं तुमचे डोळे होती?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "अहो, धाकटा आठ वर्षांचा आहे! तो अर्ध्या रस्त्यात झोपतो! आम्ही सगळे निवांत बसून चकल्या नाहीतर बिस्किटं खातोय, आणि गाडी कोण चालवतंय? एक झोपलेला पोरगा?"

"ओरडू नकोस."

"ओरडणार! मरायची वेळ आली होती माझी आत्ता, ओरडणार नाही तर काय करू?"

मग त्या रडल्या. मी त्यांना यापूर्वी कधी रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही. म्हणाल्या, "मला कधी कोणी कुठे नेलं नाही गं. लहानपणी आईबाबांना जमलं नाही, नंतर न्यायला कोणी नव्हतं. मीच सगळ्यांना नेलं. वर्षातले ते चार दिवस मी पुढे बसते आणि तुम्ही सगळे माझ्यामागे असता. तेवढं एक राहिलंय. या वर्षी जाऊन येऊ. मग विकून टाकते. तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस. एवढा एक उन्हाळा दे मला."

माणूस असं मागतं तेव्हा काय म्हणायचं? फाटकी ओढणी गळ्यात घेऊन मी त्या पलंगावर बसले होते आणि तरी माझ्या तोंडून सरळ नाही निघालं नाही. मी म्हटलं, विचार करते. घरी आले. हे टीव्ही बघत होते. ओढणीचं विचारलं तर कुठेतरी अडकली म्हणून सांगितलं. दोन दिवस दुकानात गोळ्या मोजताना माझे हात थांबत होते. गाडी मलाही चालवता येते, पण त्यांना हवं होतं ते स्वतः पुढे बसून नेणं. हो म्हटलं तर माझी मुलं त्या गाडीत. नाही म्हटलं तर या बाईचं जे काही आहे ते मी माझ्या हाताने काढून घेणार. आणि ही जागा मीच घेतली होती. मी आरपार घेतली असती तर यातलं काहीच बाहेर आलं नसतं, आणि आम्ही सगळे हसतखेळत त्या गाडीत बसलो असतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी वन्सं घरी आल्या. हे कामावर, धाकटा खाली खेळायला. लेक आतल्या खोलीत अभ्यास करत होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वन्संनी कॅम्पचा नकाशा पसरला. तोंडावर पुन्हा तो शिकवणीचा शांतपणा.

"मी विचार केलाय. जाताना नेहमीसारखं तू पुढे माझ्या शेजारी बसायचं, मुलं मागे दोन खिडक्यांना. तिथे पोचलं की चौघांनी चार कोपऱ्यांवर उभं राहायचं आणि प्रत्येकाच्या हातात शिट्टी. मी अगदी इंच इंच घेईन."

"वन्सं, शिट्टी?"

"का? काय वाईट आहे?"

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. मी म्हटलं, "नाही. नाही म्हणजे नाही. मी यांना आज सांगणार आहे." त्या म्हणाल्या, "तू शब्द दिला होतास." मी म्हटलं, "विचार करते म्हणाले होते." आवाज चढले. आणि दारातून लेक म्हणाली, "आई, जाऊ दे ना आत्याला. मी आहे ना."

लेक चौदा वर्षांची. दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"तू आत जा," मी म्हटलं. "हे मोठ्यांचं आहे."

"मला माहितेय, आई. आत्याला बाजूचं दिसत नाही ते. म्हणून तर मी कायम डावीकडे बसते. तिकडेच जास्त माणसं असतात. उजवीकडे धाकटा झोपला तरी मी दोन्हीकडचं बघते."

मी टेबलाची कड धरली. वन्संचा चेहरा एकदम उजळला. हो, उजळला, मी पाहिलं. "बघ," त्या मला म्हणाल्या. "बघ, माझी पोर! मी न सांगता!" त्यांनी तिच्याकडे हात पसरले. "कधीपासून माहितेय गं तुला?"

"मागच्या वर्षीपासून. त्या सायकलवाल्यापासून."

"कुठला सायकलवाला?" वन्संनी विचारलं.

लेकीने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिला वाटलं असावं, आत्या गंमत करतेय. "अगं, घाटाच्या आधीचं वळण. मी 'आत्या, उजवीकडे घे' म्हणून किंचाळले होते. तू लगेच घेतलीस गाडी."

"ती तर तू... मला वाटलं खड्डा आहे."

"नाही, सायकलवाला होता. आपली गाडी त्याला लागली नाही. तो घाबरून कडेला उतरला आणि चरात पडला. मी मागच्या काचेतून बघत राहिले. उठला तो, आत्या. खरंच उठला. मी तो उठेपर्यंत बघितलं. तू गाणं म्हणत होतीस."

मीही त्या गाडीत होते. मीही पुढेच बसले होते, पायावर पाय टाकून, आणि त्या गाण्यात सूर मिसळत होते. मला लेकीची किंकाळी आठवते. मी तिला म्हटलं होतं, किती ओरडतेस गं, कानठळ्या बसल्या.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर आत्याला परत जायला मिळालं नसतं."

वन्संचे पसरलेले हात हळूच टेबलावर आले. त्या नकाशाकडे बघत होत्या. जन्मभर लोकांना शेजारी बसवून जिने एकच गोष्ट शिकवली, की रस्त्यावर आपल्याशिवाय दुसरंही कोणी आहे, ती बाई आता एक प्रश्न जुळवत होती.

"एकटाच होता का गं तो?"

लेक खाली बघायला लागली.

"सांग बाळा. सायकलवर एकटाच होता?"

"पुढच्या दांडीवर एक मुलगी होती. लहान. तीही उठली, आत्या. रडत होती, पण उठली."

वन्संनी पर्स उघडली. आत चाचपून गाडीची किल्ली काढली. मी तोवर त्यांच्या उजव्या हाताला, ओट्यापाशी जाऊन उभी राहिले होते, कारण मला टेकायला काहीतरी हवं होतं. त्यांनी किल्ली समोर धरली, मी मघाशी बसले होते त्या खुर्चीकडे. खुर्ची रिकामी होती.

"घे," त्या म्हणाल्या. "घे गं, लवकर घे माझ्याकडून."

मी टेबलाला वळसा घालून त्यांच्या समोर आले आणि किल्ली घेतली.